टिनाच्या खोलीतला कडू घास

केशवराव आठव्यांदा अकोल्याला आले होते आणि आठव्यांदा कडुनिंबाखालच्या बाजेवरच बसले होते.

यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पार्बताबाई त्यांच्या धाकट्या भावाची विधवा. धाकट्याच्या बायकोनं भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही, आणि ती जिथं असेल तिथं भासऱ्यानं आत पाऊल टाकायचं नाही, ही घराण्याची रीत. वलगावच्या सहा खोल्यांच्या घरात ती पाळायला काही जड जात नव्हतं. जिनच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, टिनाच्या लाइनीत माणसागणिक नव्हे, कुटुंबागणिक एक खोली. तिथं रीत पाळायची म्हणजे केशवरावांनी निंबाखाली बसायचं, आतून चहा यायचा, आणि पिऊन झाला की बडनेऱ्याची गाडी गाठायची. ही सोय दोन्ही बाजूंना मानवली होती. पार्बताबाईची लाज झाकली जायची आणि केशवरावांना काही बघावं लागायचं नाही. भावाभावांत मळ्यावरून भांडण होऊन शालिकराम बायको-पोराला घेऊन इथं आला त्याला बारा वर्षं झाली होती. तो खोकून खोकून गेला त्यालाही चार. एवढ्या काळात ही खोली केवढी आहे हे मोठ्या भावाला ठाऊक नव्हतं.

आज बाजेवर त्यांच्या शेजारी वामनराव होता. हा वलगावचाच, चार पिढ्यांवरचा भाऊबंद, जिनमध्ये कारकून. केशवरावांनी त्याच्याकडे शब्द टाकला म्हणून शालिकरामला खोली मिळाली होती, आणि हे वामनराव कोणाला विसरू देत नसे. दोघांच्या मधे एक कागद होता. उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला होता.

"आयका," वामनराव म्हणाला आणि चष्मा लावून वाचू लागला. "खोलीस हवा येण्याकरिता झरोका असून तो राहणार इसमांनी आपण होऊन कापूस कोंबून बंद केला व आत शेगडी पेटवली, सबब अर्भक दगावले. यात जिनची कसूर नाही. खाली पार्बताबाईचा आंगठा, अन् साक्षीदार म्हून तुमची सही. बस."

"अन् हे उद्याच पायजे?"

"उद्या नागपूरहून आरोग्याचे साहेब येऊन राह्यले. कोन्या मेल्यानं त्याइच्या कानावर घातलं. कागद असला तर जिनवाले शेठ निवांत. नसला, तर शेठ म्हंते खोली खाली करा. हंगाम हाय, मांगं पन्नास लोक उभे हायेत."

केशवरावांनी मान हलवली. लोकल बोर्डाच्या निवडणुकीला ते वलगावकडून उभे होते, आणि शेठच्या दलालांचं वजन अमरावतीपर्यंत पोचत होतं. पण ते स्वतःला सांगत होते की आपण हे पोरांच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून करतोय. माणूस स्वतःला असंच काहीबाही सांगतो आणि त्यावर विश्वासही ठेवतो.

सहदेव खाली मातीत बसला होता. चोवीस वर्षांचा, भुवयांपासून पायांपर्यंत कापसाच्या रुईनं पांढरा. चार दिवसांपूर्वी त्याचा सहा दिवसांचा मुलगा गेला होता, आणि दुसऱ्या दिवशीच्या भोंग्याला तो पुन्हा रेच्याच्या यंत्रावर उभा होता. आज आयतवार म्हणून तो घरी होता.

"देऊन टाक न माय आंगठा," तो दाराकडे न बघता म्हणाला. "खोटं का हाय त्यात? तूच कोंबला कापूस. मले इचारलं होतं का?"

दाराच्या आडोशाला पार्बताबाई उभी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. पोराच्या तोंडून हे चौथ्यांदा आलं होतं.

माणिकबाई, म्हणजे केशवरावांची बायको, उंबऱ्यावर टोपली घेऊन बसल्या होत्या. टोपलीत बेसन-भाकर होती, सुतकाच्या घरी नातलगांनी नेऊन सगळ्यांसोबत खायच्या कडू घासाची. इतक्या लहान लेकराचं सुतक ते काय, आणि त्याचा कडू घास कोण आणतो? पण त्या पहाटे उठल्या आणि नवऱ्याला न विचारता भाकरी थापत सुटल्या. दिवाळीत पार्बताबाईचा निरोप आला होता: सून शालूला माहेरी अचलपूरला आई नाही, बाळंतपणापुरती तिला वलगावला घ्या. माणिकबाईंनी उलटा निरोप धाडला होता की पुस महिन्यात कांदा लावायचा असतो, घरात माणूस नाही, पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप. हे दोन शब्द त्या आगगाडीभर स्वतःशी म्हणत आल्या होत्या.

"जाऊबाई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "देऊन टाका वो. पोरं रस्त्यावर येतीन, बापा."

"त्याइले सांगा," पार्बताबाई त्यांच्याशीच बोलली, पण निंबाखाली ऐकू जाईल अशा बेतानं, "म्या कोंबला हे खरं हाय. देतो म्या आंगठा."

वामनरावानं शाईची डबी उघडली.

आत बाजेवर पडलेल्या शालूला सगळं ऐकू येत होतं. टिनाला कान लावायची गरज नसते. लाइनीत शेजारच्यानं कूस बदलली तरी कळतं. तिचं डोकं अजून जड होतं, दूध भरून छाती दगडासारखी झाली होती, आणि दुधाचं काय करायचं हे कोणी सांगत नव्हतं. ती भिंतीच्या टिनातल्या त्या भोकाकडे बघत होती.

तळहाताएवढं भोक. लाइनीतली ही शेवटची खोली, म्हणून एक भिंत नालीकडे उघडी. शालू सातव्या महिन्यात असताना एकदा चुलीसमोर चक्कर येऊन पडली. पुढच्या आयतवारी सहदेवनं छिन्नी-हातोडी मागून आणली आणि ते पाडलं. वामनराव आवाज ऐकून धावत आला होता. शेठचं टिन खराब केलं, पुन्हा हात लावला तर खोली जाईल म्हणाला. सहदेवला मोठं पाडायचं होतं, तेवढ्यावरच राहिलं.

मग पाचवीच्या दुसऱ्या दिवशी थंडीनं कहर केला. आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, वलगावला तीन बाळंतपणं केलेली; बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, एवढं त्यांना झोपेतही करता येत होतं. त्यांनी भोकात रुई कोंबली, दार ओढून घेतलं, आणि भोंगा झाला तशा जिनच्या कामावर गेल्या. रजा मागितली होती, मिळाली नव्हती. वलगावला वर कौलं होती, कौलांतून धूर वाट काढत जायचा. इथं टिनाला वाट नव्हती. दुपारच्या सुट्टीत त्या भाकर खायला आल्या तेव्हा शालू बेशुद्ध होती आणि लेकरू निळं पडलं होतं.

आत्याबाई शाईच्या डबीकडे निघाल्या हे शालूला पायांच्या आवाजावरून कळलं. तिला त्यांचा राग होता. खरं तर तिला सगळ्यांचाच राग होता. पण त्या कागदातला एक शब्द तिच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता.

"आत्याबाई," ती पडल्या पडल्या बोलली. आवाज फाटलेला. "त्याइले इचारा, झरोका कोनं केला?"

ती कोपरावर उठली.

"त्यात लिवलं हाय न, झरोका हाय म्हून? मंग कोनं केला तेबी लिवा म्हना. आमच्या मानसानं केला तं शेठचं टिन फोडलं म्हून शिव्या खाल्ल्या. आता लेकरू मेल्यावर तो शेठचा झरोका झाला काय?"

"तिच्या डोक्यात धूर भरेल हाय अजून," वामनराव हसत केशवरावांना म्हणाला.

सहदेवनं मान वर केली. हे हसणं त्याला लागलं. चार दिवस तो आईवर जळत होता, कारण आई हाताशी होती आणि उलटून बोलत नव्हती. आता त्याला दुसरं कोणीतरी दिसलं. "वामनकाका," तो उठत म्हणाला, "हे खरं हाय. तुमी सोता आल्ते. याच जागी उभे राहून मले म्हनलं होतं, खोलीले भोक पाडाची परवानगी नाई."

"परवानगी नव्हतीच. म्या कधी होती म्हनलं?"

"मंग कागदात झरोका कुठून आला?"

"सहदेव, खाली बस," केशवराव म्हणाले. "शहाणपणा नको शिकवू. तुझ्या बापानं असाच शहाणपणा केला अन् अथी येऊन मेला."

ते बोलून गेले. बोलल्यावर त्यांनाही कळलं, पण तोवर दारातला पदर नाकावरून डोक्यावर गेला होता.

पार्बताबाईनं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तिनं आतापर्यंत त्यांचे जोडे, धोतराचा काठ आणि सावली एवढंच बघितलेलं. हा माणूस आपल्या नवऱ्यासारखा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. तेच कपाळ, तेच खोल डोळे, फक्त भरलेले गाल. याच्या मळ्यातली वांगी भरून गाडी अमरावतीच्या बाजारात जाते, आणि याच्या भावानं रुई खाऊन प्राण सोडला.

"भासरे," ती म्हणाली. सरळ त्यांना. माणिकबाईंचा हात तोंडावर गेला. "कडू घास आनला न तुमी? कडू घास झाडाखाली खात नाईत. घरात बसून खातेत. चला आत."

"रीत नाई ती," केशवराव माणिकबाईंकडे बघून म्हणाले.

"मले सांगा, त्याइले कावून सांगता? म्या उभी हाव समोर. अन् रीतच कराची तं सारी करू. वामनरावबी भाऊकीतले हायेत, त्याइलेबी सुतक हाय. त्याइनंबी खाल्ला पायजे. घास खाल्ला की म्या आंगठा देतो."

आता मागे हटायला जागा नव्हती. कडू घास नाकारणं म्हणजे मेलेल्याचा आणि घराचा दोघांचा अपमान, आणि शेजारच्या खोल्यांच्या दारांत एव्हाना बायका येऊन उभ्या होत्या. बोर्डाला उभ्या राहिलेल्या माणसाला असल्या गोष्टी परवडत नाहीत. केशवराव उठले. वामनराव कागद खिशात घालून नाखुशीनं मागे निघाला.

दारातून वाकून आत शिरताना केशवरावांचा फेटा टिनाला लागला. वाकलेले ते वाकलेलेच राहिले. डोळ्यांना काही दिसेना. मग हळूहळू बाज दिसली, बाजेवर शालू, कोपऱ्यात चूल, दोरीवर कपडे, पाण्याचा रांजण. एवढ्यात खोली संपली. त्यांच्या बैलांचा गोठा याच्या दुप्पट होता, आणि त्याला दोन अंगांनी तुराट्यांचा विरळ कूड होता, वारा खेळायचा. हा हिशोब त्यांनी मुद्दाम केला नाही; शेतकरी माणूस, आपोआप झाला.

"बसा," पार्बताबाई म्हणाली.

बसायला जागा करावी लागली. केशवरावांचा गुडघा वामनरावाच्या मांडीला, माणिकबाई बाजेच्या पायाशी, सहदेव दाराला पाठ लावून. पार्बताबाईनं बाजेखालची शेगडी ओढली, चुलीतले निखारे तीत टाकले, वर मूठभर ओवा. मग कोपऱ्यातून रुईचा बोळा घेतला आणि भोकात कोंबला. तोच बोळा होता. फेकवला नव्हता तिच्यानं.

"हे काय करता?" वामनराव म्हणाला.

"ओली बाळंतीन हाय. वारा लागते. दार लाव, सहदेव."

दार लागलं. माणिकबाईंनी अंधारात चाचपडत भाकरीचे तुकडे वाटले. पहिला घास सगळ्यांनी घेतला. धूर आधी ओव्याच्या वासाचा होता, बरा वाटणारा, घरोघरच्या बाळंतपणाची आठवण देणारा. मग तो वर गेला, टिनाला लागला आणि खाली परतला.

"तिकडं काय हाय?" केशवरावांनी मागच्या भिंतीवर हात टेकत विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून.

"गोदाम," शालू बाजेवरून म्हणाली. "गठानी ठेवतेत. त्याले सहा खिडक्या हायेत, जाळीच्या. रुई दमट नाई पडली पायजे म्हून."

वामनराव खोकला. दुसरा घास त्याच्या हातातच होता. तिसऱ्या खोकल्याला तो उठला आणि दाराकडे झेपावला. सहदेव हलला नाही.

"बाजूले हो."

"झरोका हाय न काका आत. कागदात लिवलं हाय तुमी."

"सहदेव," शालू म्हणाली. "जाऊ दे त्याइले. मेलं-बिलं अथी तं तेबी आपल्याच माथ्यावर लिवतीन."

सहदेव सरकला. वामनराव बाहेर पडला आणि नालीच्या काठावर वाकून उभा राहिला. पार्बताबाईनं दार पुन्हा ओढलं नाही, पण केशवराव उठलेही नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. समोर खिळ्याला शालिकरामचा जुना पटका टांगलेला होता, वलगावहून निघाला तेव्हा डोक्यावर असलेला. धुरानं तो काळा झाला होता.

"कांदा लावाचा होता," माणिकबाई एकाएकी बोलल्या. कोणी विचारलं नव्हतं. "कांद्याच्या रोपापायी म्या नाई म्हनलं. ह्याइनंबी होकार भरला. शालू, आमी दोघांनीबी." आणि त्या बाजेच्या काठावर कपाळ टेकून रडू लागल्या. शालूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाय मात्र आखडून घेतले नाहीत.

केशवरावांनी हातातला घास संपवला. सगळा. मग वाकून बाहेर आले, वामनरावासमोर हात पसरला आणि म्हणाले, "कागद."

"सही करता न?"

"कागद अन् टाक."

ते बाजेवर बसले. चौथीपर्यंत शिकलेला हात, अक्षरं मोठी आणि वाकडी. वामनरावानं लिहिलेल्या मजकुरावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि खाली लिहू लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत गेले, म्हणजे दारातल्या बायकांनाही ऐकू यावं. "या खोलीस खिडकी नाही. झरोका नाही. एक भोक आहे ते माझ्या पुतण्याने पाडले, त्यास जिनने मना केले. मी आत बसून पाहिले. गोदामास सहा खिडक्या आहेत."

"केशवराव," वामनराव हळू आवाजात म्हणाला, "बोर्डाचं काय होईन, इचार केला का?"

बोर्डाचं काय होईल हे केशवरावांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचं दुःखही झालं. त्यांनी सही केली.

"थांबा," पार्बताबाई बाहेर येत म्हणाली. "पुरं नाई झालं. भोकात कापूस म्या कोंबला, तेबी लिवा."

"राहू दे न आता," केशवराव म्हणाले. "कशाले अंगावर घेतं?"

"खरं हाय म्हून. म्या कोंबला. उद्या त्या सायबानं इचारलं तं म्या खोटं बोलनार नाई, अन् एक खोटं सापडलं की ते सारंच खोटं म्हनतीन. लिवा. अन् मले रजा देली नाई, तेबी लिवा."

केशवरावांनी लिहिलं. तिनं शाईत आंगठा बुडवला आणि इतक्या जोरात टेकवला की कागद खालच्या सुंभात दबला. सहदेव जवळ आला आणि आईच्या शेजारी उभा राहिला. माफी मागायची रीत त्या घरात नव्हती. त्यानं तिचा आंगठा आपल्या सदऱ्याला पुसला.

"हे मी शेठले देनार नाई," वामनराव म्हणाला.

"तुमच्यापाशी देतं कोन?" केशवरावांनी कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. "मीच थांबतो उद्यापर्यंत. सायबाच्या हातात देतो."

"मंग खोली खाली करा. सांजच्या भोंग्याच्या आंदी." वामनराव धोतर झटकून निघून गेला. बायका त्याला वाट द्यायला फार सरकल्या नाहीत.

माणिकबाई शालूच्या गोधड्यांची वळकटी बांधू लागल्या. "घरी चाला," त्या म्हणाल्या. "वलगावले."

"येतो," पार्बताबाई म्हणाली. "पन उपकार म्हून नाई येत, जाऊबाई. त्या घरात सहदेवच्या बापाच्या वाट्याच्या दोन खोल्या हायेत, बारा वर्सं तुमच्या कडब्यानं भरेल. त्या खाली करून द्या. दोन्हीबी खिडक्याच्या हायेत, मले ठावं हाय."

केशवरावांनी ऐकलं आणि मान खाली घातली. हा विषय एवढ्यावर संपणार नव्हता, हे तिघांनाही कळत होतं.

सामान दोन बोचक्यांत आणि एका पेटीत मावलं. रांजण शेजारणीला दिला. शालूला हाताला धरून बाहेर आणलं, तर ती दारातच थांबली. नालीच्या पलीकडे, जिनच्या फाटकाशी एक कुटुंब आधीच उभं होतं. एक म्हातारा, एक तरणा, डोक्यावर पेटी घेतलेली एक बाई. वामनराव त्यांना हातानं ही खोली दाखवत होता. बाईनं पेटी खाली ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर टेकून उभी राहिली, तेव्हा तिचं पोट दिसलं. सहावा असेल, नाहीतर सातवा.

"छिन्नी कुठी हाय?" शालूनं विचारलं.

सहदेवनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. शेजारच्या खोलीतून छिन्नी-हातोडी आणायला त्याला फार वेळ लागला नाही. त्यानं भोकातला बोळा उपटून नालीत फेकला आणि पहिला घाव घातला. टिन वाजलं. फाटकाशी वामनराव वळला आणि ओरडत पळत यायला लागला. केशवराव बाजेवरून उठले आणि त्याच्या वाटेत जाऊन उभे राहिले.

घाव पडत राहिले. टिनाचा काप वळून बाहेर लोंबला. खोलीत उजेडाची पट्टी पडली, आधी बाजेच्या पायावर, मग शेगडीवर, मग चुलीपर्यंत. सहदेवनं घाम पुसला आणि मागं वळून पाहिलं.

"एवढं बस?"

शालू दाराला धरून उभी होती. तिची चोळी दुधानं भिजली होती.

"अजून मोठं कर," ती म्हणाली.